गोठ्याच्या डॉक्टरने शिकावे कुठे?

'नीट'चा निकाल लागला की विट्यासारख्या गावात घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, मग बीडीएस की बीएएमएस, आणि त्या यादीत कुठेतरी खाली व्हेटर्नरी. व्हेटर्नरीचे ठरले की पसंतीक्रम भरायची वेळ येते, आणि तो बहुतेक घरांत गेल्या वर्षीच्या कट-ऑफकडे पाहून भरला जातो. जिथे गुण जास्त लागले ते कॉलेज वर, जिथे कमी लागले ते खाली. शहर मोठे असेल तर आणखी वर. ज्या मुलामुलींना पुढे कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढायचा आहे त्यांचे या क्रमाने फारसे बिघडत नाही. पण ज्यांना दुधाच्या, अंड्याच्या आणि मटणाच्या जनावरांमध्ये आयुष्य घालवायचे आहे, त्यांच्यासाठी हा क्रम चुकीच्या गोष्टीवर बेतलेला आहे. माझे म्हणणे असे की, अशा विद्यार्थ्याने कॉलेजच्या फाटकातून रोज कोणती जनावरे आत येतात आणि त्याच फाटकातून विद्यार्थी कोणत्या गोठ्यांवर बाहेर जातात, एवढे पाहावे आणि त्यावरून क्रम लावावा. बाकी सारे त्यानंतर.

हा प्रश्न विट्यातून विचारण्याला कारण आहे. गुहागर-विजापूर रस्त्यावरचे हे गाव खानापूर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. शेतीवर पोट भरेना म्हणून इथली माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली, गावात यंत्रमाग आले, आणि माळावर पोल्ट्रीची शेडे उभी राहिली. पूर्वेला आटपाडी-खरसुंडीकडे खिलार आणि मेंढरे, जतच्या बाजूला माडग्याळ मेंढी, दक्षिणेला कृष्णाकाठी पलूस-वाळव्याकडे म्हशी आणि संकरित गायी. भिलवडीत चितळ्यांची डेअरी 1939 पासून आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी जसजसे वर चढले तसा दुष्काळी गावांत ऊस आला, उसाबरोबर वाढे आणि हिरवी वैरण आली, आणि जिथे एखादी म्हैस असायची तिथे जर्सी, होल्स्टीन गायींचे गोठे दिसू लागले. म्हणजे महाराष्ट्राच्या ताटात जे प्राणिजन्य अन्न पडते त्याचे जवळपास सगळे प्रकार या एका टापूत तयार होतात. 2019 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 40 लाख गायी-बैल, 56 लाख म्हशी, 1 कोटी 6 लाख शेळ्या आणि 7 कोटी 42 लाख कोंबड्या मोजल्या गेल्या. या सगळ्यांना पुरे पडणारा डॉक्टर कसा घडतो, हे विट्याच्या परिसरात पाहिले की लवकर कळते.

पोल्ट्रीपासूनच सुरुवात करू, कारण तिथे आपली 'जनावरांचा डॉक्टर' ही कल्पना सर्वांत अपुरी पडते. अंड्यांच्या, म्हणजे लेअर पोल्ट्रीत एकटी कोंबडी हा रुग्ण नसतो. रुग्ण असते ती सगळी बॅच, आणि तिची तब्येत रोज सकाळी तीन आकड्यांत दिसते: अंडी किती, खाद्य किती, मर किती. एक पक्षी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खातो, आणि अंड्याच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा सुमारे 70 टक्के असतो. त्यामुळे मक्याला बुरशी लागली, पाण्याची लाइन तुंबली किंवा शिंपल्याचे प्रमाण चुकले, तर औषधाच्या कोणत्याही बाटलीने नुकसान भरून निघत नाही. डॉक्टर शेडवर येतो, मेलेले पक्षी बाहेर मागवतो आणि जागेवरच पीएम, म्हणजे शवविच्छेदन करतो. चोचीपासून श्वासनलिका उघडायची, मग पोट. जठराच्या आतल्या ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके दिसले तर मानमोडीची, म्हणजे रानीखेतची शंका. आंधळ्या आतड्यात रक्त असेल तर कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. काळजावर, यकृतावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर असेल तर मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आणि मग नजर पक्ष्यावरून उचलून निप्पलच्या पाण्याकडे आणि खाद्याच्या पोत्याकडे न्यावी लागते. हे शिकायला पुस्तक लागतेच, पण शंभर पक्षी आपल्या हाताने उघडल्याशिवाय निरोगी काळीज आणि आजारी काळीज यांतला फरक डोळ्यांत बसत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक नोंदला गेला. अशा वेळी हीच नजर साऱ्या जिल्ह्याच्या कामी येते. नेहमीची मर आणि वेगळी मर यांतला फरक सर्वांत आधी शेडवर उभ्या असलेल्या डॉक्टरलाच ओळखावा लागतो.

म्हशीचा गोठा ही दुसरी शाळा. म्हैस अडली म्हणून रात्री निरोप येतो. हात घातल्यावर योनिमार्गाच्या घड्या मळसूत्रासारख्या एका बाजूला वळलेल्या लागतात, पुढे हात जात नाही. गर्भाशयाला पीळ पडला आहे. म्हशींमध्ये हे गायींपेक्षा जास्त दिसते आणि पीळ बहुतेकदा उजव्या बाजूचा असतो. मग म्हशीला पीळ असलेल्या कुशीवर आडवी पाडायची, पाय बांधायचे, दहा-बारा फूट लांब फळी तिच्या पोटावर तिरपी टाकायची, एक माणूस फळीवर उभा करायचा आणि बाकीच्यांनी दोर ओढून म्हशीला पीळ ज्या दिशेचा त्याच दिशेने झपाट्याने लोळवायचे. फळीमुळे गर्भाशय जागेवर राहते आणि शरीर त्याच्याभोवती फिरते. प्रत्येक वळणानंतर पुन्हा हात घालून पीळ सुटला का ते पाहायचे. सुटला की हाताला एकदम वाट मिळते, पाणी येते, वासराचे पाय लागतात. न सुटल्यास पोट उघडून वासरू काढावे लागते, आणि जितका उशीर होईल तितकी म्हैस आणि वासरू दोन्ही वाचण्याची शक्यता कमी होते. पीळ कोणत्या बाजूचा, ही एकच गोष्ट चुकीची ठरवली तर लोळवल्याने पीळ आणखी घट्ट होतो. वर्गातल्या फळ्यावर ही आकृती दोन मिनिटांत समजते. अंधाऱ्या गोठ्यात कोपरापर्यंत हात आत असताना ती ओळखायला हाताची सवय लागते, आणि ती फक्त मोजता येणार नाहीत इतक्या तपासण्यांनी येते. गाभण तपासणीचेही तेच. एक माज चुकला की गायीचे 21 दिवस गेले, 21 दिवसांची वैरण आणि पेंड फुकट गेली. गाय उलटते का, का उलटते, हे ज्याच्या बोटांना कळते तोच गोठ्याचा डॉक्टर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पदवी सगळीकडे एकच आहे, असे म्हणतात. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे एक वर्ष इंटर्नशिप, आणि भारतीय पशुवैद्यक परिषदेने ठरवलेले किमान मानक देशभर लागू. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात ज्या पदव्या आहेत त्यांना मान्यता, बाकीच्यांना नाही. महाराष्ट्रातली सरकारी कॉलेजे 2000 साली नागपूरला स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत, पेपरही एकाच विद्यापीठाचे. मग कॉलेज कोणते याने फरक काय पडतो? फरक असा पडतो की, मानक विषय ठरवते, तास ठरवते, कॉलेजला दवाखाना आणि जनावरांचा प्रक्षेत्र असलाच पाहिजे असे सांगते. दवाखान्याच्या दारात म्हैस येईल की लॅब्राडॉर, हे मानक ठरवू शकत नाही. ते कॉलेजच्या भोवतालची गावे ठरवतात. जिथे दिवसाला दहा कुत्री आणि आठवड्याला एक गाय येते तिथला विद्यार्थी आणि जिथे उलटे प्रमाण आहे तिथला विद्यार्थी एकच पेपर लिहून पास होतात, पण दोघांचे हात वेगळे घडलेले असतात. मान्यतेची खात्री मात्र आधी करावी, विशेषतः परराज्यातल्या खासगी संस्थेत मोठे शुल्क भरून जाणाऱ्यांनी. परिशिष्टात पदवीचे नाव नसेल तर बाकी चौकशीला अर्थ उरत नाही.

आता महाराष्ट्रातली कॉलेजे या नजरेने पाहू. सर्वांत जुने परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1886 चे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या शेजारी सुरू झालेले. त्या काळात जनावरांचा डॉक्टर म्हणजे घोड्याचा आणि बैलाचा डॉक्टर. तेव्हाचे मोठे संकट बुळकांडीचे, म्हणजे रिंडरपेस्टचे होते. त्याच संकटातून 1889 साली पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली, जी पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. म्हणजे आपल्याकडे पशुवैद्यकीय शिक्षणाचा पाया शेतीच्या जनावरांसाठीच घातला गेला. परळभोवतीचे शहर मात्र बदलले. तबेले उपनगरांकडे सरकले, 1949 पासून आरे कॉलनीत म्हशी गेल्या, आणि परळच्या आसपास राहिलेल्या माणसांच्या घरात कुत्री-मांजरे आली. याचा अर्थ परळ वाईट असा मुळीच नाही. विकृतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, मांसतपासणी, औषध उद्योग यांत ज्याला जायचे आहे त्याने परळ पहिल्या क्रमांकावर ठेवावे. देवनारचा कत्तलखाना त्याच शहरात आहे, आणि मांसाची तपासणी हेही खाद्यप्राण्यांचे, तितकेच प्रतिष्ठेचे काम आहे. मात्र रात्री अडलेली म्हैस सोडवणारा हात घडवायचा असेल तर परळ ही पहिली जागा ठरत नाही.

नागपूरचे कॉलेज 1958 चे, परभणीचे 1972 चे, उदगीरचे 1987 चे. उदगीरच्या शेजारीच देवणी गायीचे माहेर आहे, लाल कंधारीही फार दूर नाही. मराठवाड्यातल्या या दोन कॉलेजांकडे पश्चिम महाराष्ट्रातली मुले 'लांब पडते' म्हणून पाहत नाहीत, हे त्यांचेच नुकसान आहे. कोरडवाहू मुलखातली बैलजोडी, उस्मानाबादी शेळी, दुष्काळात हाडे दिसू लागलेली गाय ही जनावरे खानापूर-आटपाडीच्या जनावरांची भावंडे आहेत. पर्जन्यछायेतल्या विद्यार्थ्याला तिथला अनुभव घरी येऊन जसाच्या तसा वापरता येतो.

सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत जवळचे कॉलेज शिरवळचे, खंडाळा तालुक्यातले, 1988 साली सुरू झालेले. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे, ज्यांचे प्रतिसरकार 1943 ते 1946 या काळात याच मुलखात, कुंडल आणि वाळव्याच्या गावागावांत चालले. तेव्हा सांगली असा जिल्हाच नव्हता. 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचे नाव सांगली पडले. नावाचा अभिमान असावा, पण निवड नावावर करू नये. शिरवळचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. महामार्गावर असूनही भोवताली खंडाळा, फलटण, भोर, पुरंदर हा दुधाचा आणि मेंढरांचा प्रदेश आहे. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. पशुप्रजनन आणि आनुवंशिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकातला धडा हाकेच्या अंतरावर कळपात चालताना दिसतो. विट्याच्या मुलाने शिरवळ निवडले तर इंटर्नशिपच्या वर्षात आणि दर सुट्टीत घरच्या भागातल्या शेडांवर, गोठ्यांवर काम करणे शक्य होते. हा फायदा कट-ऑफच्या कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो, आणि तरी मला तो सर्वांत मोठा वाटतो. कारण कोणत्याही कॉलेजच्या दवाखान्यात दहा हजार पक्ष्यांची बॅच येऊ शकत नाही, येतात ते पोत्यात भरलेले चार मेलेले पक्षी. पोल्ट्री शिकायची तर शेडवरच जावे लागते, आणि विट्याच्या मुलाच्या घराच्या मागेच शेड आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. शहरातला पेट क्लिनिकवाला डॉक्टर एका तपासणीला जेवढे घेतो तेवढे खेड्यातला डॉक्टर अर्धा दिवस गाडी फिरवून मिळवत नाही, असे पालक म्हणतात. त्यात तथ्य आहे. गावात पदविकाधारकही काम करतात. कायद्याने त्यांना किरकोळ सेवांची मुभा राज्य सरकार देऊ शकते, आणि शेतकरी अनेकदा प्रथम त्यांनाच बोलावतो. सरकारी नोकरी म्हणजे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी, आणि जागा निघायला वर्षे लागतात. तरीही हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. गोठा बदलला आहे. पंधरा-वीस गायींचा मालक एका गायीच्या सलाइनचे पैसे देताना कुरकुर करेल, पण कासदाह कमी झाला, माज चुकायचे थांबले, वासरांची मर घटली, तर महिन्याला ठरलेली रक्कम देईल, कारण त्याला फरक डेअरीच्या बिलात दिसतो. पोल्ट्रीत तर हे केव्हाच घडले आहे; तिथे डॉक्टर सल्ल्याचे, प्रयोगशाळेचे, खाद्याच्या फॉर्म्युल्याचे पैसे घेतो. ज्याला फक्त इंजेक्शन टोचता येते त्याची स्पर्धा पदविकाधारकाशी होणारच. ज्याला कळपाचा हिशेब कळतो त्याला स्पर्धक कमी आहेत. म्हणूनच कॉलेज निवडताना पशुपोषण आणि पशुधन उत्पादन व्यवस्थापन हे विभाग किती जिवंत आहेत ते पाहावे. मुले या विषयांना दुय्यम मानतात, आणि खाद्यप्राण्यांच्या डॉक्टरचे उत्पन्न पुढे नेमके तिथून येते.

मुलींना मोठी जनावरे झेपतील का, हा प्रश्न आता मागे पडायला हवा. व्हेटर्नरीच्या वर्गांत मुलींची संख्या वाढली आहे आणि त्यांना घरातूनच 'तू पेट्सचे बघ' असे सांगितले जाते. वर सांगितलेल्या पीळ सोडवण्यात जोर दोर ओढणाऱ्यांचा लागतो. डॉक्टरचे काम पीळ कोणत्या बाजूचा हे ओळखण्याचे आहे, आणि लहान हात तिथे अडचण नसून सोय आहे. खरी अडचण रात्रीच्या प्रवासाची आणि गावातल्या राहण्याच्या सोयीची आहे. ती शासनाने आणि दूध संघांनी सोडवायची गोष्ट आहे, मुलीच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. मुलीसाठी कॉलेज पाहताना तिथल्या विद्यार्थिनींना रात्रीच्या केसेसवर नेतात का, हे स्पष्ट विचारावे. नेत नसतील तर तिचे शिक्षण अर्धेच होणार.

या डॉक्टरचे महत्त्व शेतकऱ्यापुरते नाही. सडात प्रतिजैविक सोडल्यावर किती दिवस दूध बाजूला काढायचे हे तो सांगतो, आणि शेतकरी ते त्याच्या शब्दावरच ऐकतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या टप्प्यातले औषध; 2019 मध्ये केंद्राने ते खाद्यप्राण्यांत आणि पोल्ट्रीत बंद केले, पण बंदी शेडपर्यंत पोहोचवणारा माणूस डॉक्टरच. जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक 2006 ला बंद झाले, तेव्हाही तेच. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचावी लागते, आणि ती जिवंत लस स्वतःच्या बोटात न जाऊ देण्याचे कसब हाताला असावे लागते. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हा राज्यभर लसीकरणाला माणसे कमी पडली. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 सालीच पाच हजार पशू-एककांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. ते प्रमाण गाठायचे तर केवळ कॉलेजांची संख्या वाढवून चालणार नाही, शिकलेली मुले गोठ्याकडे वळली पाहिजेत. इतर देशांनीही ही ओढ बाहेरून निर्माण केली आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांनी पदवीच्या काळात 38 आठवडे कॉलेजबाहेर, त्यातले 12 आठवडे पशुपालनाच्या कामावर काढावेत अशी पद्धत दीर्घकाळ होती. अमेरिकेत 2010 पासून तुटवड्याच्या भागांत खाद्यप्राण्यांचे काम पत्करणाऱ्या पशुवैद्यांचे शैक्षणिक कर्ज सरकार फेडते. आपल्याकडे दूध संघ, पोल्ट्री उद्योजक आणि जिल्हा परिषद मिळून सांगली-साताऱ्यातल्या काही मुलांची इंटर्नशिप गावात राहण्याच्या सोयीसह उचलू शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी विद्यार्थ्याने आणि पालकाने एका कामाच्या दिवशी सकाळी कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन उभे राहावे. दोन तासांत टेम्पोतून, ट्रॉलीतून किती गायी-म्हशी, शेळ्या उतरल्या ते मोजावे. तपासणी कोण करते आहे, विद्यार्थी हात घालतो आहे की मागे उभा राहून वहीत लिहितो आहे, ते पाहावे. मग शेवटच्या वर्षातल्या मुलांना चार प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात तू किती गाभण तपासण्या केल्या? फिरता दवाखाना गावात आठवड्यातून किती वेळा जातो? पोल्ट्रीचे पीएम स्वतः केलेस का? प्रक्षेत्रावरच्या गोठ्यात पहाटेच्या धारेला तुमची पाळी असते का? उत्तरे देताना जो अडखळणार नाही त्याचे कॉलेज वर लिहावे, मग त्याचा कट-ऑफ काहीही असो. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगावच्या ज्या मुलांना गोठ्यात आणि शेडवरच काम करायचे आहे, त्यांनी शिरवळ पहिले लिहावे, त्याखाली परभणी आणि उदगीर, आणि परळ त्यानंतर.